रीडिंग पेन: दुरुस्त होऊन आलं, उकार मात्र अजून खातंच आहे

दुरुस्तीला गेलेलं रीडिंग पेन, म्हणजे छापील ओळीवरून फिरवलं की ती वाचून दाखवणारं पेन, गेल्या आठवड्यात परत आलं. वर्षभराचा वापर, मधला बिघाड आणि कंपनीशी झालेली वादावादी हे सगळं पदरी पडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. अशी पेनं बऱ्याच नावांनी मिळतात, आणि जी अडचण सांगणार आहे ती देवनागरी वाचणाऱ्या कुठल्याही पेनला येऊ शकते.

मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. डिस्लेक्सियाचं निदान पाचवीत झालं. ऐकलेलं ती विसरत नाही. गणिताचं उदाहरण कुणी वाचून दिलं की तोंडी सोडवते. तेच छापील ओळीतून स्वतः वाचायचं म्हटलं की थोड्या वेळात दमून जाते. संध्याकाळी कामावरून आले की धडे वाचून दाखवायचं काम माझं, आणि मी नसेन तेव्हा सासूबाईंचं. त्यांचं शिक्षण तेलुगूतून झालेलं, मराठी वाचतात पण सावकाश. म्हणून पेन घ्यायचं ठरलं. किंमत अठरा हजारांच्या आसपास. मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते, अठरा हजार आमच्या घरातून सहज निघत नाहीत. दिवाळीचा बोनस आणि भिशीचे पैसे एकत्र करून घेतलं.

इंग्रजीला पेन चोख आहे. शब्दावरून फिरवलं की उच्चार ऐकू येतो, अर्थ दिसतो, नेटही लागत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे मोजले होते मराठीसाठी.

मराठीत हे पेन उकार खातं. 12 जानेवारीला शाळेत चार हुतात्म्यांवर भाषण होतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा, 1931 साली येरवड्यात फाशी गेलेले हे चौघे. सोलापुरात ही नावं लहान पोरालाही ठाऊक असतात. बाईंनी छापील उतारा दिला होता. लेकीनं ओळीवरून पेन ओढलं आणि पेन म्हणालं, "चार हतात्मे". पुढच्या ओळीत "कर्बान हसेन". ती लगेच म्हणाली, "आई, हे चुकीचं वाचतंय." तिला कळलं, कारण हुतात्मा स्मृती मंदिर आणि हुतात्मा एक्स्प्रेस ही नावं तिच्या कानावर लहानपणापासून आहेत.

विज्ञानाच्या पुस्तकात मात्र चूक अशी कळत नाही. "गुणधर्म"चं पेननं "गणधर्म" केलं आणि वहीत तीन ठिकाणी "गणधर्म" उतरलं. "रेणू"चं "रेण" झालं. हे शब्द तिनं आधी कधी ऐकलेले नव्हते, मग चूक ओळखणार कशी? ज्याला वाचता येतं त्याच्या नजरेला चूक दिसते. हिला वाचायला अवघड जातं म्हणून तर पेन हातात दिलंय. या मुलांना पेन जे बोलेल तेच पुस्तकात लिहिलंय असं मानण्यावाचून गत्यंतर नसतं. आवाज कसा आहे, बॅटरी किती टिकते, स्क्रीन केवढी आहे, या कशालाही मी या एका गोष्टीएवढं महत्त्व देणार नाही.

उकार गळण्याचं कारण साधं आहे. पेनच्या टोकाशी छोटा कॅमेरा असतो आणि तो ओळीची एक अरुंद पट्टी टिपत जातो. इंग्रजी अक्षर त्या पट्टीत आरामात बसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. हात जरा वर सरकला की खालचं सगळं पट्टीबाहेर. मुलीचा हात तसाही स्थिर राहत नाही.

बऱ्याच खटपटीनंतर उपाय सापडला तो दहा रुपयांचा. नवी पेठेतून पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणली. ती ओळीच्या खाली, उकार पूर्ण दिसतील एवढी जागा सोडून ठेवायची आणि पेनची कड पट्टीला टेकवून ओढायचं. उकार बऱ्यापैकी यायला लागले. चकचकीत कागदावर आणि मोठ्या ठशाच्या मथळ्यांवर पेन तरीही अडखळतं. वहीतलं हस्ताक्षर तर ते वाचतच नाही.

त्यानंतर ते बिघडलं. टोक दाबलं की स्कॅन सुरू होतं, ते टोकच आत अडकून बसलं. सोलापुरात सर्व्हिस सेंटर नाही. पेन स्वखर्चानं कुरियर केलं. उत्तर आलं, "मॅडम, टोक झिजलेलं आहे, हे वॉरंटीत बसत नाही." कागदावर घासल्याशिवाय जी वस्तू चालतच नाही, तिचं टोक घासलं म्हणून वॉरंटी नाकारायची? मी फोनवर हेच विचारलं. समोरचा मुलगा तेच वाक्य पुन्हा म्हणाला. दुरुस्तीचा खर्च सांगितला साडेचार हजार.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक घालून कंपनीला मेल केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असो की बंगळुरूची, आपल्याला तिकडे जावं लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फीही नाही. हे दोन्ही मुद्दे मेलमध्ये लिहिले. थोड्या दिवसांनी "सद्भावना म्हणून" मोफत दुरुस्ती मंजूर झाली. जातानाच्या कुरियरचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत, ते मी मागत राहणार आहे.

पेन नव्हतं त्या काळात माझं मत बदललं. घरातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर काम भागवायचं होतं. गूगल लेन्सनं पानाचा फोटो काढायचा, मजकूर निवडायचा आणि ऐकायचा. अख्खं पान एकदम टिपलं जातं, त्यामुळे "गुणधर्म" गुणधर्मच राहतो. आधी फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीचचा, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा, मराठी आवाज उतरवून घ्या. तो फोनमध्ये असला की सिलेक्ट टू स्पीक ही निवडलेला मजकूर बोलून दाखवणारी फोनमधली सोय नेटशिवायही वाचते, आणि वेग कमी करता येतो. हिंदी आवाजावर मराठी ऐकवू नका. "ळ" आणि "चमचा" शब्दातला "च" हिंदी आवाजाला जमत नाही. काही पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये असतात, त्यातला मजकूर कॉपी केला की भलतीच चिन्हं येतात. अशा पानाचा स्क्रीनशॉट काढून लेन्सला द्या. चौकटी आणि दोन रकाने असलेल्या पानावर मात्र क्रम बिघडतो, तिथं एकेक भाग वेगळा निवडावा लागतो.

एका रात्री ती 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दलचा, म्हणजे लष्करी कायद्याबद्दलचा, मजकूर ऐकत बसली होती. डोळे पानावर, बोट ओळीवर, कानात इयरफोन. मध्येच थांबवून तिनं विचारलं, "आई, मार्शल लॉ असताना लोकांनी तक्रार कुणाकडे करायची?" अभ्यासातून आलेला प्रश्न तिनं मला याआधी विचारला नव्हता. आजवर तिची सगळी ताकद अक्षरं लावण्यात जायची, अर्थापर्यंत पोचायच्या आतच धडा मिटलेला असायचा. फोन घरातलाच, खर्च शून्य. अठरा हजार मोजण्याआधी दुकानदारानं, समुपदेशकानं, कुणी तरी हे सांगायला हवं होतं. मला त्याचा राग आहे.

तरीही पेन परत आल्यावर ते विकायचा विचार सोडून दिला. शाळेत मोबाइल चालत नाही, पेन चालतं. बाईंनी वर्गात एका कानात इयरफोन लावायची परवानगी दिली आहे. इंग्रजीच्या तासाला शब्द अडला की ती कुणाला न विचारता पुढे जाते. घरी फोन आणि शाळेत पेन अशी वाटणी आता बसली आहे.

लिहिण्यासाठी जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरतो, म्हणजे बोललेलं फोन टाइप करतो. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. ते चालू असले की फोनला काही ऐकू येत नाही, त्यामुळे निबंध कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सांगून घेतो. विरामचिन्हं मात्र मागाहून हातानं घालावी लागतात.

दहावीचा विचार करून पेन घेणाऱ्यांसाठी थोडं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमताही आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. पेन आपोआप चालेल असं मात्र धरून चालू नका. शाळेला नववीतच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमचा अर्ज मी आत्तापासूनच तयार ठेवला आहे.

विकत घेणारच असाल तर दुकानात आपलं विज्ञानाचं पुस्तक घेऊन जा. उकार भरपूर असलेलं एक पान मुलाच्याच हातानं वाचून बघा, विक्रेत्याच्या हातानं नको. मराठीला नेट लागतं का, टोक बदलून मिळतं का, कितीला मिळतं, हे बिलावर लिहून घ्या. माझ्या पेनची वॉरंटी संपत आली आहे आणि वाढीव वॉरंटीसाठी कंपनी अडीच हजार मागते आहे. ते मी देणार नाही. त्या पैशांत फोनसाठी एक चांगला स्टँड आणि वायरचा हेडफोन येतो, म्हणजे फोटो काढताना पान हलायचं नाही आणि सासूबाईंनाही तिच्याबरोबर बसून मराठी धडे ऐकता येतील.