नाकाता की नाकामुरा: आधी कोणाला पाहावं?

जपानच्या निवृत्त फुटबॉलपटूंमध्ये पहिला क्रमांक कोणाचा, हा वाद बहुतेक वेळा हिदेतोशी नाकाता आणि शुन्सुके नाकामुरा यांच्यापाशी येऊन अडतो. दोघेही मधल्या फळीतले, वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. गंमत म्हणजे दोघांचेही सर्वांत गाजलेले गोल एकाच गोलरक्षकावर झाले: एडविन फान देर सार.

नाकाताचा गोल मे २००१ मधला. इटलीतल्या तुरीनमध्ये युव्हेंटस क्लबविरुद्ध नाकाताची रोमा ०-२ ने मागे होती; फान देर सार तेव्हा युव्हेंटसकडे होता. रोमाचा लाडका तारा तोत्तीला बाहेर काढून नाकाताला उतरवलं, तेव्हा अनेकांनी कपाळावर हात मारला असेल. त्याने लांबून गोल मारला. शेवटी त्याचाच फटका फान देर सारला नीट अडवता आला नाही आणि रोमाच्या मोंतेल्लाने बरोबरी साधली. त्या मोसमात रोमाने युव्हेंटसला फक्त दोन गुणांनी मागे टाकून इटालियन लीगचं विजेतेपद घेतलं. त्याआधी १९९८ मध्ये पेरुजा क्लबकडून इटलीतल्या पदार्पणातच त्याने युव्हेंटसवर दोन गोल केले होते. जपानी खेळाडूंकडे युरोपातले क्लब गंभीरपणे बघू लागले, त्यात त्याचा वाटा मोठा.

नाकामुराचा गोल नोव्हेंबर २००६ चा. तो स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडे, समोर फान देर सारचं मँचेस्टर युनायटेड, फ्री किक, डावा पाय. त्या एका गोलावर सेल्टिक जिंकली आणि युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, बाद फेरीत पोहोचली. सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवरही त्याने फ्री किकवर गोल केला होता, पण तो सामना सेल्टिक हरली.

देशासाठीचे आकडे नाकामुराच्या बाजूने: ९८ सामने, २४ गोल, नाकाताचे ७७ आणि ११. २००० आणि २००४ चे आशिया चषक जिंकणाऱ्या संघांत नाकामुरा होता, नाकाता नव्हता. उलट २००२ च्या घरच्या विश्वचषकासाठी नाकामुराला वगळलं गेलं आणि नाकाता तिथे संघाचा चेहरा होता.

माझं मत विचाराल तर महत्त्वाच्या क्रमवारीत नाकाता वर, पण नव्या प्रेक्षकाने सुरुवात नाकामुरापासून करावी. नाकाताची ताकद धावण्यात, धक्के पचवण्यात, वेळेवर पास देण्यात. ती तुकड्यातुकड्यांच्या व्हिडिओत दिसत नाही. तो २९ व्या वर्षीच थांबला, त्यामुळे त्याच्याभोवती थोडं गूढ वलयही आहे, आणि लोकप्रियता मोजताना ते वलयही जमेस धरलं जातं. नाकामुरा ४४ व्या वर्षापर्यंत खेळला, ३५ व्या वर्षी जपानच्या जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इतका काळ डोळ्यांसमोर असणाऱ्याचं अप्रूप कमी होतं, हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

म्हणून आधी सेल्टिकचे ते दोन फ्री किक पाहा. तुरीनचा सामना मात्र नाकाता मैदानात आल्यापासून सलग अर्धा तास पाहा, नुसते गोल नकोत.