एलएक्स की एएक्स या चर्चेत फोर बाय फोरच गायब: १३,२५,००० रुपयांची फसवणूक

महिंद्राची जुनी थार गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येक शेतकऱ्याने हे वाचावे म्हणून लिहीत आहे. लिहिताना लाज वाटते आणि त्याहून जास्त संताप येतो. वरूड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेकडे जाणारी पांदण काळ्या मातीची आहे आणि मृगाच्या पावसानंतर तेथे बैलगाडीसुद्धा फसते, त्यामुळे चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर गाडी ही आमची हौस नव्हती, गरज होती. थारच्या दोन प्रकारांपैकी एएक्स ऑप्शनल घ्यावा की एलएक्स, यावर मात्र घरात बराच खल झाला. अलॉय चाके आणि टचस्क्रीनसाठी मुलाचा आग्रह एलएक्सचा होता.

नागपूरच्या ज्या दलालाकडून गाडी घेतली, त्याने नेमका हाच वाद लांबवला. एलएक्सचे टणक छप्पर, एलएक्सची चाके, एलएक्सची स्क्रीन यांवर तो बोलत राहिला आणि गाडी फक्त मागच्या दोन चाकांवर चालते, हे त्या बोलण्याखाली दडपले गेले. मागे ‘फोर बाय फोर’चा बिल्ला चमकत होता. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा, छोटा दांडा असायला हवा होता. तेथे एक खोलगट खण होता आणि मी माझा मोबाईल स्वतःच्या हाताने त्या खणात ठेवला! मी विचारलेही. तो म्हणाला, “काकाजी, नव्या सिरीजमध्ये दांडा नसते, पुढचे चाकं आपोआप लागतात.” २०२० ची थार बाजारात आली तेव्हा ती केवळ फोर बाय फोर होती, टू व्हील ड्राइव्ह जानेवारी २०२३ मध्ये आली; थार म्हटले की चारही चाके, असे समजणारा मी एकटा नाही.

बयाणा ५१,००० रुपये, बँकेतून १०,७४,००० आणि रोख २,००,०००. रोखीची पावती मिळाली नाही. तुम्ही पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. आरसीची झेरॉक्स दाखवली, तीत इंजिनाच्या क्षमतेची ओळ पुसट होती. मूळ आरसी हातात आल्यावर ती क्षमता १४९७ सीसी निघाली. डिझेल फोर बाय फोर थारचे इंजिन २१८४ सीसीचे असते. टोकन देण्यापूर्वी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहा.

पहिल्याच पावसात गाडी पांदणीत रुतली, ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. मेकॅनिकने खाली वाकून पाहिले, तर पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच नव्हता. अशा गाडीचे त्याने ९,७५,००० सांगितले, म्हणजे ३,५०,००० रुपये सरळ लुटले गेले.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे, शिवाय व्यवहार नागपूरचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे आणि हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील कागदासह दाखवले, साहेबांनी कागद न वाचता परत केला आणि “गाडी तुम्हीच पाहून घेतली ना?” असे विचारले. नागपूरच्या ठाण्याने वरूडला जायला सांगितले. परिवहन कार्यालयातला बाबू म्हणाला, आरसीवर खरे तेच लिहिले आहे, आमचा काय दोष? खोटा बिल्ला लावून गाडी विकणाऱ्याला कोणी जाब विचारायचा, हे एकाही खुर्चीने सांगितले नाही.

शेवटी अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. दलालाची जाहिरात अजून सुरू आहे आणि तिच्यातल्या पांढऱ्या थारवरही तोच बिल्ला आहे. त्या गाडीचा बयाणा कोणी दिला असेल, तर उरलेली रक्कम आजच थांबवा.