अकरा महिने कॉकटीलसोबत: बुद्धीच्या आधी भुकटीचा विचार करा

गेल्या आठवड्यात चिकूने, माझ्या कॉकटीलने, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाने, दुसऱ्यांदा अंडी घातली. पुन्हा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून आज लिहायलाच बसले. कॉकटील केवढं असतं, तुरा कसा दिसतो हे कुठेही वाचायला मिळेल. घ्यायच्या आधी मला जे कुणी सांगितलं नाही, तेवढंच सांगते.

निवड करताना मी तीनच गोष्टी पाहिल्या होत्या: किंमत, स्वभाव, बुद्धी. मनात आफ्रिकन ग्रे, म्हणजे करड्या रंगाचा मोठा पोपट होता. पक्ष्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांच्या अ‍ॅलेक्स नावाच्या ग्रेने वेड लावलं होतं. १९७७ साली दुकानातून आणलेला पक्षी, शंभरावर शब्द, रंग आणि आकार सांगणारा, सहापर्यंत मोजणारा. ग्रेची किंमत ऐकली आणि मागे फिरले. त्या वेळी वाईट वाटलं होतं, आता बरं वाटतं. अ‍ॅलेक्सभोवती दिवसभर माणसं होती, त्याला रोज काम होतं. माझं घर दिवसाचे नऊ तास रिकामं. इतक्या हुशार पक्ष्याला रिकामं बसवलं की तो स्वतःचीच पिसं उपटायला लागतो, आणि हे चाळीस-पन्नास वर्षांचं लग्न आहे. शिवाय २०१६ मध्ये साइट्स करारात, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, ग्रे सगळ्यात कडक बंधनांच्या पहिल्या परिशिष्टात गेला, त्यामुळे कागदपत्रांशिवाय कुणी स्वस्तात देत असेल तर तिथून निघावं.

बजरीगर हा चिमुकला पोपट स्वस्त, बडबड्या. पक नावाच्या बजरीगरला १,७२८ शब्द येत होते, त्याचा गिनेस विक्रम आहे. आयुष्य मात्र पाच ते दहा वर्षं, आणि मला इतक्या लवकर निरोप द्यायचा नव्हता. लव्हबर्ड आपल्या जागेबद्दल फार हट्टी, पिंजऱ्यात हात घातला की चावणार. कॉकटील मधलं वाटलं: खिशाला झेपणारं, शांत, पंधरा-वीस वर्षं सोबत करणारं. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात भुकटी नव्हती.

कॉकटील हा काकाकुव्यांच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. या कुळातल्या पक्ष्यांच्या अंगावर काही बारीक पिसं अशी असतात की ती सतत वाढतात आणि टोकाशी झिजून त्यांची पूड होते. पिसांची निगा राखायला पक्षी तीच अंगभर पसरवतो. वाचायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात सकाळी तिरपं ऊन आलं, चिकूने अंग झटकलं, की हवेत पांढरा ढग तरंगताना दिसतो. काळ्या टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटते. ती वाटीत आंघोळ करून उठली की पाण्यावर साय धरल्यासारखा थर असतो. दुसऱ्या महिन्यात मला शिंका सुरू झाल्या, तिसऱ्या महिन्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं लागलं. त्या यंत्राला पक्ष्याच्या दुप्पट पैसे गेले, आणि त्याची जाळी बदलायचा खर्च चालूच आहे. ग्रेच्या अंगावरही अशीच पूड असते, तीही चौपट-पाचपट मोठ्या अंगावर. त्याची किंमत ऐकून परतले त्या दिवशी याहून मोठ्या त्रासातूनही वाचले, हे नंतर कळलं.

ज्यांच्या घरी दमा आहे, त्यांनी कॉकटील, काकाकुवा, ग्रे हे तिन्ही बाजूला ठेवून ग्रीन-चीक कन्यूर हा छोटा पोपट पाहावा. त्याला ही पूड नसते. चावरा आहे, बोलणं फारसं नाही, पण खेळकर आहे आणि त्याच्याच जातकुळीतल्या सन कन्यूरसारखा कान फोडत नाही. पाचव्या महिन्यापर्यंत मी हेच म्हणत होते: पुन्हा घ्यायचा असता तर ग्रीन-चीक.

आठव्या महिन्यात मत बदललं. तोवर चिकू माझ्यासाठी ‘तो’ होता. देणाऱ्याने ‘नर आहे, सहा महिन्यांत बोलायला लागेल’ असं सांगून चार पैसे जास्त घेतले होते. पिल्लावरून नर-मादी नुसती नजरेने ओळखू येत नाही, त्याला रक्ताची किंवा पिसाची डीएनए चाचणी लागते. ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती आणि त्याने सांगितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. एका संध्याकाळी चिकू पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेली दिसली. वजन दोन दिवसांत ९२ ग्रॅमवरून ९९ वर गेलं होतं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, अंडं आहे, अडकलं तर जीव जाईल. कॅल्शियम दिलं, ऊबेला ठेवायला सांगितलं. पहाटे साडेचारला अंडं पडलं. ती थकून माझ्या तळहातावर डोकं टेकून झोपली, आणि तास-दीड तास मी हात हलवला नाही. तेव्हापासून ग्रीन-चीकचं नाव काढलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. अंडी उचलू नका, उचलली की ती भरून काढायला आणखी घालते. पाठीवरून हात फिरवू नका, तिला ते जोडीदारासारखं वाटतं. डोकं आणि मान तेवढी खाजवा. अंधाऱ्या कोपऱ्यात, कपाटाखाली शिरू देऊ नका. रात्र लांबवा, म्हणजे बारा-चौदा तास अंधार. नुसत्या बियांवर ठेवू नका, त्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व दोन्ही कमी पडतात. यातलं अंधाराचं मी पाळलं नाही, उशिरापर्यंत दिवा लावून बसत राहिले. दुसरी खेप त्यामुळेच आली असं मला वाटतं.

पैसे वाचवायला मी लहान पिंजरा घेतला होता, तिसऱ्याच महिन्यात मोठा घ्यावा लागला. म्हणजे दोन पिंजऱ्यांचे पैसे गेले. न चिकटणाऱ्या थराचा तवा देऊन टाकला, कारण तो जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपत नाही. रोज सकाळी, खाण्याच्या आधी, त्याच वेळी मोजायचं.

चिकू बोलत नाही. कुलपात किल्ली फिरली की आतून एक लांब हाक येते, मी उत्तर देईपर्यंत थांबत नाही. आज वजन ९३ भरलं, चार अंड्यांवर बसली आहे, आणि आठ वाजता दिवा मालवला आहे.