कॅनन ५५-२५० एसटीएम: घराजवळच्या टेकडीसाठी पुरेशी लेन्स

दिवाळी सरली की पुण्याच्या वेताळ टेकडीवर गवत पिवळं पडतं आणि थिरथिरा हा छोटा पक्षी येतो. त्याच्यासाठीच ही लेन्स वापरतेय. वजन जेमतेम ३७५ ग्रॅम, चढताना गळ्याला ओझं नाही. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २५० मिमीचा आवाका ४०० मिमीइतका होतो. तरी थिरथिऱ्यासाठी खडकाआड निवांत बसावंच लागतं. एसटीएम ही फोकस मोटर इतकी शांत की तो शेपटी थरथरवत जागेवरच राहतो! ८५ सेंटिमीटरवरूनही फोकस होतो, म्हणून दवाने भिजलेले चतुर सुरेख मिळतात. २५०ला अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र एफ ५.६ पर्यंतच उघडतं, तेव्हा उजाडताना आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा, शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद करू नका. नवशिक्यांनी हीच घ्यावी, सेकंडहँड मिळाली तरी.