बावीस फुटी ट्रेलर, आठ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर घेतला, आतापर्यंत सव्वीस रात्री त्यात काढल्या. घेताना जो तो "किती जण झोपतात?" एवढंच विचारत होता. आता मला कोणी सल्ला विचारला, तर मी आधी विचारतो, नेणार कुठे?

आम्ही सॅक्रामेंटोला राहतो, त्यामुळे आमचा ओढा कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाकडे. तिथल्या दरीतल्या सगळ्यात मोठ्या अपर पाइन्स कँपग्राउंडमध्ये ट्रेलरला २४ फुटांची मर्यादा आहे. बुकिंग महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. त्यात लांब ट्रेलर घेऊन ही जागा आधीच बाद करून बसलो तर खेळच संपला. शोरूममधल्या मोठ्या ओट्याच्या ट्रेलरवर बायकोचा जीव जडला होता. नावात २४ चा आकडा होता, पण टेप लावली तर पुढच्या दांड्यासकट २८ फूट भरला! आमचा भरतो २१ फूट १० इंच.

वजनाचंही तसंच. आमची गाडी, टोयोटा हायलँडर, ५,००० पौंड ओढते आणि माहितीपत्रकात ट्रेलरचं वजन ३,४०० होतं. पण ते रिकाम्याचं. ३० गॅलन पाणी भरलं की तेच अडीचशे पौंड. वर कुकर, कढई, पीठ, तांदूळ, मुलांच्या सायकली. ट्रक स्टॉपच्या काट्यावर ४,२६० आले. पहिल्या ट्रिपला जड सामान सगळं मागच्या बंक बेडखाली कोंबलं होतं, तर उतारावर ताशी ५५ मैलांच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागला. हात घामेजले होते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर, यायला हवा, हे वाचलेलं होतं. कळलं त्या दिवशी.

खरी गंमत सांडपाण्याची. योसेमिटीच्या कँपग्राउंडमध्ये नळ, वीज, ड्रेनेज यातलं काही ट्रेलरला जोडून मिळत नाही. जे काय ते आपल्या टाकीत. जुलैत आई सोबत होती, आणि तिला वाहत्या नळाखाली घासल्याशिवाय भांडी स्वच्छ वाटत नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी धाकटा ओरडला, "बाबा, शॉवरमध्ये आमटी आलीय!" ग्रे टँक, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी, भरून पाणी उलटं वर आलं होतं. त्यावर मोहरी आणि कढीपत्त्याची दोन पानं तरंगत होती. तेव्हापासून ताटं आधी कागदाने पुसायची आणि मग टबात धुवायची. "अमेरिकेत येऊन खरकटं पाणी मोजायची वेळ आली," असं आई म्हणाली, पण टब तिनेच शोधून आणला.

जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवता येतो. चटणीचा मिक्सर त्यात बसवायचा. सोलर पॅनेलवर भिस्त ठेवू नका, झाडांची सावली फार.

तक्रार एकच, पण मोठी. पहिल्याच पावसात खिडकी गळली आणि डाइनेटची, म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकाची, गादी भिजली. जिथून घेतला त्यांनी दुरुस्तीला सहा आठवडे लावले. पाइपने पाणी मारून पाहिल्याशिवाय ताबा घेऊ नका.

बंक बेड साडेपाच फुटी आहेत. थोरला अकरा वर्षांचा, आत्ताच पाय दुमडून झोपतो.