खेकडे कुठे ठेवायचे? स्लाइडमधल्या व्हिडिओसाठी पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, कीनोट आणि कॅन्व्हा

माझ्या भाचीकडे सहा व्हिडिओ आहेत. जुहूच्या किनाऱ्यावर ओहोटीला आयफोनवर काढलेले. वाळूचे बारीक बारीक गोळे करून बिळाभोवती रांगोळी घालणारे खेकडे, दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, आणि एका क्लिपमध्ये बराच वेळ नुसती तिची चप्पल. कॉलेजच्या सेमिनारला वीस मिनिटं बोलायचंय. लॅपटॉप कॉलेजचा, विंडोजवाला. रविवारी सकाळी फोन आला, "मावशी, पॉवरपॉइंटमध्ये करू, गूगल स्लाइड्समध्ये की कॅन्व्हात? मैत्रिणीकडे मॅक आहे, ती म्हणते ॲपलच्या कीनोटपुढे बाकी सगळं झूट."

दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये व्याख्यानं होतात, तिथे लॅपटॉपपाशी बसायचं काम मी बरीच वर्षं हौसेनं करते. वक्त्यांच्या फजित्या पहिल्या रांगेच्याही पुढून बघितल्यात. त्यामुळे कुठल्या प्रोग्रॅममध्ये काय काय बटणं आहेत हे सांगायच्या आधी मी तिलाच विचारलं, "व्हिडिओ राहणार कुठे? फाइलच्या पोटात, फाइलच्या शेजारी, की परगावी?"

तिला कळलं नाही. एका गृहस्थांचा किस्सा सांगितल्यावर कळलं. ठाण्याहून पेन ड्राइव्ह खिशात घालून आले होते. स्लाइड सुरेख, फोटो सुरेख, आणि ज्या स्लाइडवर व्हिडिओ होता तिथे काळा चौकोन. व्हिडिओ फाइलमध्ये घातलेलाच नव्हता, नुसता जोडलेला होता. मूळ फाइल ठाण्याच्या घरी, टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप. म्हणजे शेजारी. पॉवरपॉइंटच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत व्हिडिओ असाच शेजारी राहायचा. २०१० पासून तो आपसूक पोटात जातो, पण 'लिंक टू फाइल' हा पर्याय आजही त्याच मेनूत बसलेला आहे आणि चुकून दाबला जातो.

परगावी म्हणजे यूट्यूबवर किंवा गूगल ड्राइव्हवर. स्लाइडमध्ये फक्त पत्ता असतो, व्हिडिओ दर वेळी तिथून येतो. हॉलचं वायफाय धड असेल तर काहीच अडचण नाही. जुलैमधल्या संध्याकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबलात, तर मात्र ते गोल फिरणारं चक्र शे-सव्वाशे माणसांसोबत बघायची तयारी ठेवा.

एवढं ठरलं की निवड अर्धी झालीच. आता एकेक.

पॉवरपॉइंट

व्हिडिओ पोटात घेतो आणि काटछाटीची हत्यारं बऱ्यापैकी देतो. व्हिडिओवर क्लिक केलं की वर 'प्लेबॅक' नावाची पट्टी येते. तिथल्या 'ट्रिम व्हिडिओ'त एक हिरवी खूण आणि एक लाल खूण असते. हिरवी सरकवून सुरुवात छाटायची, लाल सरकवून शेवट. ४० सेकंदांच्या क्लिपमधले खेकड्याचे १२ सेकंद असे निघतात. पण मधलाच तुकडा नको असेल तर पॉवरपॉइंट हात वर करतो. भाचीची चप्पल नेमकी मध्येच आहे. मग तीच क्लिप दोनदा घालून एकीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात कापायची, असा जुगाड करावा लागतो.

मला स्वतःला पॉवरपॉइंट आवडतो तो 'बुकमार्क'साठी, आणि याचा उपयोग करणारा वक्ता क्वचितच भेटतो. व्हिडिओ चालू असताना ठरावीक क्षणी खूण करून ठेवता येते आणि त्या खुणेवर ॲनिमेशन बांधता येतं. खेकडा बिळातून बाहेर आला की त्याच क्षणी बाण उमटणार, शेजारी नाव येणार. लेझरचा लाल ठिपका थरथरत पडद्यावर फिरवण्यापेक्षा हे कितीतरी देखणं. बाकीच्या तिघांत इतक्या सहजपणे हे जमलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरी कामाची गोष्ट 'पोस्टर फ्रेम'. व्हिडिओ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर त्याचं जे चित्र दिसतं ते आपण निवडायचं. नाहीतर बहुतेक वेळा फोन खिशातून काढतानाची पहिली हललेली फ्रेम दिसते. फोटोसारखा व्हिडिओही इथे क्रॉप होतो, आवाजाला आणि चित्राला हळूहळू येणं-विरणं देता येतं, आणि किनाऱ्यावरचा वाऱ्याचा घोंगाट 'म्यूट' करून संपवता येतो.

आता दुखणं, फाइलचं वजन. आयफोनवर फोर-के, सेकंदाला ३० फ्रेम अशा मापात एक मिनिट काढलं की साधारण १७० एमबी होतात, आणि तेसुद्धा दाबलेल्या फॉरमॅटमध्ये. जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये ३५०. भाचीच्या सहा क्लिपा मिळून चार मिनिटं, म्हणजे ६८० एमबी. जीमेलला २५ एमबीपर्यंतचीच फाइल थेट जोडता येते. वर गंमत अशी की छोट्या हॉलांतले कितीतरी प्रोजेक्टर १२८० बाय ८०० ठिपक्यांचे किंवा त्याहून जुने. फोर-के तिथे पोचतच नाही. म्हणून सगळी छाटणी झाली की फाइल, इन्फो, 'कॉम्प्रेस मीडिया' आणि तिथे ७२०पी हे छोटं माप. छाटलेले भागही तेव्हाच खरोखर जातात. तोवर ट्रिम केलेला व्हिडिओ आतमध्ये अख्खाच असतो, फक्त दिसत नाही. चप्पल लोकांच्या हातात जाऊ नये असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवलेलं बरं. मूळ फाइलची प्रत मात्र वेगळी ठेवायची.

आणि आयफोनवाल्यांसाठी खास खड्डा. २०१७च्या आयओएस ११ पासून बरेच आयफोन व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या त्याच दाबलेल्या फॉरमॅटमध्ये काढतात. विंडोजच्या लॅपटॉपवर त्याचं वेगळं एक्स्टेन्शन नसेल तर आवाज येतो आणि चित्र येत नाही, किंवा काहीच येत नाही. पॉवरपॉइंटला मानवतो तो एच.२६४ (तोच जुना, सगळीकडे चालणारा फॉरमॅट) चित्र आणि एएसी आवाज असलेला एमपी४. पुढच्या वेळी शूटिंगच्या आधीच सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायचं. आधीच काढून झालेल्या क्लिपांचं काय, ते कॅन्व्हापाशी सांगते.

गूगल स्लाइड्स

इथे व्हिडिओ परगावीच. यूट्यूबवरचा घ्या किंवा ड्राइव्हवरचा. कॉम्प्युटरवरची फाइल आधी ड्राइव्हवर चढवायची, तिकडे तिची प्रक्रिया होईपर्यंत थांबायचं, मग स्लाइडमध्ये बोलवायचं. काटछाट म्हणाल तर 'फॉरमॅट ऑप्शन्स'मध्ये दोन आकडे लिहायचे, कुठून सुरू आणि कुठे बंद. शिवाय आवाज बंद. झालं. मूळ फाइलला धक्का लागत नाही, प्रेझेंटेशनचं वजन वाढत नाही, आणि आकडे दहा वेळा बदलले तरी काही बिघडत नाही. गरीब, पण सरळ.

सुरू कसं व्हायचं याचे तीन पर्याय आहेत आणि त्यांतल्या दोहोंत लोक हमखास अडकतात. 'ऑन क्लिक' ठेवलं तर हातातल्या क्लिकरनं पुढे गेलं की व्हिडिओ सुरू होतो. 'मॅन्युअल' ठेवलं तर माउस नेऊन त्या व्हिडिओवरच क्लिक करावं लागतं. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बोलणाऱ्यांनी मॅन्युअलच्या वाटेला जाऊ नये.

माझा खरा आक्षेप परवानगीबद्दल आहे. ड्राइव्हवरचा व्हिडिओ ज्या खात्याचा, त्या खात्यानं तो दुसऱ्याला दाखवायची मुभा दिली पाहिजे. भाची घरी स्वतःच्या जीमेलवर सगळं रचणार, हॉलमध्ये लॅपटॉपवर कॉलेजचं खातं उघडं असणार, आणि स्लाइड दिसूनही व्हिडिओ उघडणार नाही. दुसऱ्या कुणाचा यूट्यूब व्हिडिओ वापरला तर मध्येच जाहिरात येऊ शकते किंवा मालकानं तो काढूनही टाकलेला असू शकतो.

तरीही चार जणींनी मिळून एकच प्रेझेंटेशन करायचं असेल, एक बोरिवलीला आणि दुसरी पनवेलला, तर मी डोळे मिटून हेच सांगेन. आणि कार्यक्रम ऑनलाइन असेल तरी हेच. नाहीतरी इंटरनेट तिथे लागणारच. गूगल मीटवर फक्त तो टॅब शेअर केला की व्हिडिओचा आवाजही पलीकडे जातो. झूमवर मात्र 'शेअर साउंड'ची खूण करायला विसरायचं नाही. ती विसरून मूकपट दाखवणारे मी मोजायचं सोडून दिलंय.

कीनोट

मैत्रीण खोटं बोलत नाही. मॅक, आयपॅड, आयफोन असेल तर फुकट, व्हिडिओ पोटात, आयफोनच्या क्लिपा कटकट न करता चालतात, ट्रिम आहे, पोस्टर फ्रेम आहे, आणि क्लिप पुढे-मागे-पुढे अशी झुलवत ठेवायचा पर्यायही आहे. खेकड्याची गोळे करायची लगबग त्या झुल्यात फार गोड दिसेल. पण सेमिनारचा लॅपटॉप विंडोजचा. कीनोटमधून पॉवरपॉइंटची फाइल काढता येते, पण तिच्यातला प्रत्येक व्हिडिओ आणि प्रत्येक ॲनिमेशन त्या लॅपटॉपवर पुन्हा तपासावं लागतं. मग सुरुवातच तिथे का करू नये?

एक पळवाट आहे. कीनोट भाचीच्या फोनवरही आहेच. फोनला त्याच्या प्रकाराप्रमाणे लाइटनिंग किंवा यूएसबी-सीचं एचडीएमआय ॲडॉप्टर लावलं की थेट प्रोजेक्टरवर. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारायची तयारी असेल आणि आयोजक स्वतःचा फोन जोडू देत असतील तर वाईट नाही. भाषण चालू असताना आईचा फोन आला तर काय, एवढं बघून ठेवायचं.

कॅन्व्हा

हे मुळात चित्रं-पोस्टरांचं दुकान, पण व्हिडिओ कापायला चौघांत सगळ्यांत हाती लागणारं. खाली वेळेची पट्टी येते, तिच्यावर हवा तिथे 'स्प्लिट' करायचं, नको तो तुकडा उडवायचा. मधली चप्पल दोन मिनिटांत गायब. दोन क्लिपा एकीमागे एक जोडता येतात, वर अक्षरं टाकता येतात. ज्या वस्तूवर छोटा मुकुट दिसतो ती पैशांची, बाकी बरंचसं फुकट. स्टेजवर कॅन्व्हातूनच दाखवायचं म्हणजे पुन्हा ब्राउझर आणि पुन्हा हॉलचं वायफाय, आणि ते मला नको आहे. मी कॅन्व्हाकडे स्वयंपाकघर म्हणून बघते. शिजवायचं तिथे, वाढायचं दुसरीकडे. तिथून एमपी४ उतरवून घ्यायचा आणि पॉवरपॉइंटमध्ये घालायचा. एचईव्हीसीचं भूतही यातच उतरतं.

लिबरऑफिसच्या इम्प्रेसबद्दलही तिनं विचारलं. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, व्हिडिओ पोटात घेतं. घालताना 'लिंक'ची चौकट रिकामी ठेवायची, एवढंच. कॉलेजात तेच असेल तर वापर म्हटलं, मुद्दाम मागे लागू नकोस.

तर भाचीसाठी ठरलं ते असं. कापाकापी कॅन्व्हात, बांधणी पॉवरपॉइंटमध्ये, शेवटी कॉम्प्रेस ७२०पीला. सगळ्या एमपी४ फाइली त्याच पेन ड्राइव्हवर सुट्याही ठेवायच्या. व्हॉट्सॲपवरून कुणाला पाठवायच्या झाल्या तर व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते त्यांना आणखी पिळतं. हॉलमध्ये अर्धा तास आधी. एचडीएमआय जोडली की विंडोजचा आवाज बरेचदा लॅपटॉप सोडून प्रोजेक्टरकडे जातो, आणि प्रोजेक्टरचा स्पीकर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा रेडिओ. तिच्या क्लिपा मुक्याच असणार, पण एकीत लाटांचा आवाज तिला हवाच आहे. त्या एकीसाठी आवाजाची तार हॉलच्या ॲम्प्लिफायरला लावून बघायची.

राहिला एक प्रश्न, सहाही क्लिपा उभ्या आहेत. आडव्या स्लाइडवर उभा व्हिडिओ मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना ओसाड जागा. तो उजवीकडे सरकवायचा आणि डाव्या मोकळ्या जागेत खेकड्याचं नाव, जागा, ओहोटीची वेळ लिहायची. बुकमार्कवर उमटणारा बाणही डावीकडूनच येऊ दे. तिला हे पटलं. पण अमावास्येला ओहोटी मोठी असते, तेव्हा ती पुन्हा जुहूला जाणार आहे आणि या वेळी फोन आडवा धरणार आहे. चपला गाडीतच ठेवणार म्हणाली.