हेड गॅस्केट गेलंय: बाटली ओतावी, गॅरेजला द्यावी की घरीच उघडावं?

रेडिएटरमधलं पाणी रोज उतरतंय पण गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय, आणि गार इंजन सुरू करून रेडिएटरच्या तोंडात पाहिलं तर बुडबुडे. हे सगळं एकत्र दिसत असेल तर बहुतेक हेड गॅस्केटच, म्हणजे इंजनचा खालचा ब्लॉक आणि वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पातळ पॅकिंग. नुसतं ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही दिसलं म्हणून घाई करू नका. थंडीत गाडी जवळच्या जवळ फिरवली तरी तसं जमतं. ज्यांची ही खात्री झालीय आणि ज्यांना आता पुढे काय ते ठरवायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाडी जुनी मारुती ८००. गाव अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडचं, खारपाण म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. गाव सांगितलं कारण त्याचा या दुखण्याशी संबंध आहे.

आधी बाटलीचा विषय संपवतो. रेडिएटरमध्ये ओतायची ही औषधं बऱ्याचदा सोडियम सिलिकेटची असतात. उष्णता लागली की ते काचेसारखं घट्ट होतं आणि फट बुजते. फट बारीक असेल तर खरंच बुजते, नाही म्हणत नाही. पण ते फक्त फटीतच बसेल याची हमी कोण देणार? रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतं. अमेरिकेत २००९ साली जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना आली होती, तेव्हा इंजन कायमचं जाम करायला ऑइलच्या जागी हेच सोडियम सिलिकेट ओतायचे. तिथे ते ऑइलच्या जागी होतं, इथे पाण्यात, हा फरक मान्य. तरी आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा अर्धवट चोंदलेला रेडिएटर घेऊन फिरायची माझी तरी छाती नाही. गाडी विकायची असेल किंवा कशीबशी शहरापर्यंत न्यायची असेल तर ओता. रेडिएटरला टाचणीएवढं भोक पडलं की ड्रायव्हर मंडळी हळद टाकतात, ती टाकायलाही हरकत नाही. फक्त हेडच्या गळतीला हळद उपयोगाची नाही.

आता खरा प्रश्न: गॅरेज की घर.

गॅरेजच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मिस्त्रीचा हात बसलेला असतो, पाने असतात, अडकलेला बोल्ट कसा सोडवायचा ते त्याला माहीत असतं. गॅस्केट सेट, ऑइल आणि फेसिंगचा (हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करून घेण्याचा) खर्च दोन्हीकडे सारखाच, घरी केलं तर मजुरी तेवढी वाचते. त्यातही टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) नसेल तर तो विकत किंवा मागून आणावा लागतो, म्हणजे पहिल्या वेळी फार काही वाचत नाही. पैशासाठी घरी करू नका.

मी घरी वळलो तो वेगळ्याच कारणाने. ते कारण म्हणजे फेसिंग.

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, मधे बोल्ट आवळलेले. गाडी एकदा जोरात तापली की हेडला पसरायला जागा नसते आणि ते वाकतं. त्यात आमच्या भागात विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये पडलं तर हेडच्या पाण्याच्या भोकांचे काठ खाल्ले जातात. म्हणजे दुखणं बहुतेक वेळा हेडच्या सपाटीत असतं आणि गॅस्केट फक्त त्याचा मार खातं. सपाटी न करता नवं गॅस्केट टाकलं तर ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल न टिकेल.

पहिल्या वेळी मी गाडी गॅरेजलाच दिली होती. हेड अमरावतीला लेथवर पाठवलं असं सांगितलं. विचारायला गेलो की उत्तर ठरलेलं: "झालं ना भाऊ फेसिंग, कायले टेन्शन घेता?" गाडी जोडून मिळाली, चाललीही बरी. उन्हाळा लागला आणि पुन्हा तेच बुडबुडे. या वेळी हेड घरीच टिनाच्या शेडमध्ये उतरवलं, उलटं करून फळीवर ठेवलं आणि फडक्याने पुसलं. मशीनवर फेसिंग झालं की त्याच्या खुणा एकसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. इथे जागोजागी वेगवेगळ्या दिशेचे गोल ओरखडे होते, पॉलिश पेपरची चकती फिरवल्यावर उठतात तसे. स्टीलची सरळ पट्टी आडवी लावून मागे टॉर्च धरली तर दोन सिलिंडरच्या मधल्या भागात पट्टीखालून उजेड येत होता, आणि तिथे फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांची) ०.१० मिलिमीटरची पात सहज आत गेली. ०.०५ चीही जात असेल तर मी हेड लेथवर नेतो. जुन्या गॅस्केटवर बरोबर त्याच जागी काळा जळका पट्टा होता.

सगळीच गॅरेजं असं करतात असं मी म्हणणार नाही. पण गॅरेजमध्ये हा पृष्ठभाग तुमच्या नजरेला कधी पडतच नाही. हेड जातं, हेड येतं, वर बसतं. मला खुपलं ते एवढंच.

घरी उघडलं तरी फेसिंग घरी होत नाही, हे आधीच सांगतो. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड घासणारे आहेत; त्या वाटेला न गेलेलं बरं. मी हेड पोत्यात गुंडाळून अकोल्याला नेलं, आधी पाण्यात बुडवून हवा मारून तडा आहे का ते पाहायला लावलं, मग समोर उभं राहून फेसिंग करून घेतलं. जेवढं कमी काढता येईल तेवढंच काढायला सांगा, जास्त घासलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढतं.

बाकीचं काम किचकट नाही, निगुतीचं आहे. टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ जुळवायच्या) टायमिंगचा पट्टा काढायच्या आधी रंगाने ठळक करा आणि फोटो काढून ठेवा. बोल्टच्या भोकांतलं पाणी, ऑइल हवा मारून पूर्ण काढा. आत राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. सोडताना उलट, बाहेरून मधे. काही इंजनांचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. माझ्या मते सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे ब्लॉकवर चिकटलेलं जुनं गॅस्केट खरवडणं. सिलिंडरमध्ये फडकी कोंबून ठेवा आणि वारं सुटलेल्या दिवशी ते काम काढूच नका.

कॉमन रेल डिझेल (खूप जास्त दाबाने इंधन फवारणारं नव्या पद्धतीचं डिझेल इंजन) असेल तर मात्र मीही घरी हात घालणार नाही. त्यात पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून गॅस्केटची जाडी ठरवावी लागते, शिवाय इंजेक्टरच्या लाइनमध्ये धुळीचा कणही चालत नाही. तिथे मधला रस्ता आहे: उघडणं, जोडणं मिस्त्रीकडे, पण हेड लेथवर न्यायचं तुम्ही स्वतः. मिस्त्री थोडा कुरकुरेल, "वाकडं आनलं त मले नोका सांगजा" असंही म्हणेल. ऐकून घ्या आणि हेड गाडीत टाका.

आणि जोडून झालं की कॅनमधलं तयार कूलंट भरा, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवलेलं. आमच्या भागात तरी बोअरची बादली रेडिएटरपाशी आणू नका.